जीएच, केएच आणि ‘कठीणपणा’ : नेमके शब्द कोणते?

विचारणा :
आफ्रिकन सिक्लिड (आफ्रिकेतल्या सरोवरांतले मासे) टँकमध्ये पाळणाऱ्यांसाठी मराठीत टिपण लिहायला घेतलंय, पण पाण्याच्या ‘हार्डनेस’पाशी गाडी अडली आहे. शाळेच्या पुस्तकात ‘दुष्फेन पाणी’ होतं, बोलताना लोक ‘जड पाणी’ किंवा ‘क्षाराचं पाणी’ म्हणतात. टँकच्या पाण्याची दोन मापं डिग्रीत मोजतात, जीएच (जनरल हार्डनेस) आणि केएच (कार्बोनेट हार्डनेस). जीएचला ‘एकूण कठीणपणा’ आणि केएचला ‘कार्बोनेट कठीणपणा’ लिहून पाहिलं, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, “टांगानिका सरोवरात केएच 16च्या वर आणि जीएच 10-11च्या आसपास. भाग एकूणापेक्षा मोठा कसा?” उत्तर देता आलं नाही. आणि पीएचला ‘सामू’ चालेल का? जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद :
‘सामू’ खुशाल वापरा. माती परीक्षणाच्या अहवालांमुळे तो शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी रुळलेला आहे. फक्त एक वाक्य जोडा : सामू 7.5 वरून 8.5 झाला म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहापट घटलं. सोरेनसेन यांनी 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही मोजपट्टी मांडली, तेव्हापासून ती अशीच दहाच्या पटीत चालते. हे माहीत नसलं की ‘एकानेच तर वाढलाय’ म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि माशांचे हाल होतात.

‘जड पाणी’ मात्र नको. भौतिकशास्त्रात तो शब्द ड्यूटेरियमच्या (म्हणजे जड हायड्रोजनच्या) पाण्यासाठी आहे. ‘क्षाराचं पाणी’ म्हटलं की लोक मीठ घालतात, आणि मलावी, टांगानिका, व्हिक्टोरिया ही सिक्लिडांची तिन्ही सरोवरं गोड्या पाण्याची आहेत.

‘दुष्फेन’ हा माझ्या मते जीएचसाठी फार नेमका शब्द आहे. साबणाचा फेस मोडतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे, आणि जीएचची चाचणी मोजते तेही हेच दोन. म्हणजे जीएच म्हणजे दुष्फेनता, सरळ हिशेब.

प्रतिसाद :
भाग एकूणापेक्षा मोठा कसा, याचं उत्तर : केएच हा जीएचचा भाग नाहीच. जर्मन ‘कार्बोनाटहेर्टे’ या शब्दातून हा घोळ आला. मूळ अर्थ होता, कॅल्शियम-मॅग्नेशियमपैकी जितक्याला बायकार्बोनेट-कार्बोनेटची जोड आहे तितका कठीणपणा. पण टँकवाले जी चाचणी करतात ती हे मोजतच नाही.

चाचणी करताना नीट बघा. नळीतल्या पाण्यात केएच चाचणीच्या द्रावणाचा थेंब टाकला की निळा रंग येतो. एकेक थेंब टाकत, नळी हलवत राहायचं आणि रंग पिवळा झाला की थांबायचं. त्या थेंबात असतं आम्ल. म्हणजे पाणी किती आम्ल पचवतं, एवढंच तुम्ही मोजलंत. कॅल्शियमचा इथे संबंधच आला नाही. टांगानिकात बायकार्बोनेटचा बराचसा वाटा सोडियमच्या जोडीने असतो. सोडियमने फेस मोडत नाही, म्हणून तो जीएचमध्ये दिसत नाही, केएचमध्ये दिसतो.

तेव्हा केएचला ‘कठीणपणा’ म्हणूच नये. ‘अल्कता’ म्हणावं.

विचारणाऱ्याकडून :
पण ‘अल्कता’ वाचून लोकांना सामू 7च्या वर आहे एवढंच कळेल ना?

प्रतिसाद :
ही शंका रास्त आहे, म्हणून दोन शब्द वेगळे ठेवा. सामू 7च्या वर असेल तर पाणी ‘विम्ल’. आम्ल पचवायची ताकद म्हणजे ‘अल्कता’. शुद्ध पाण्यात कॉस्टिक सोड्याचा कणभर अंश पडला तरी सामू 9च्या पुढे जातो, पण अल्कता जवळजवळ शून्यच राहते आणि जरासं आम्ल मिळताच सामू कोसळतो. विम्ल आहे, पण टिकाऊ नाही.

टँकमध्ये हे आम्ल रोज तयार होतं. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, त्यात अल्कता खर्च होते. सामू बरेच दिवस हलत नाही, केएच मात्र आधीपासून उतरत असतो. म्हणून मी तरी सामूआधी केएच बघायला सांगेन.

शब्द चुकला की डबाही चुकतो. ‘कठीणपणा कमी आहे’ एवढंच वाचून कोणी मॅग्नेशियम सल्फेट घालतं, त्याने दुष्फेनता वाढते पण अल्कता तसूभर नाही. खाण्याच्या सोड्याने नेमकं उलट : 100 लिटरला 3 ग्रॅम घातला की केएच साधारण 1 डिग्रीने वाढतो, जीएच तिथेच. कोरलचा चुरा किंवा अ‍ॅरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू अल्कता आणि दुष्फेनता दोन्ही देते, पण संथपणे, आणि सामू चढत गेला की तिचं विरघळणंही मंदावतं.

प्रतिसाद :
दोन शब्द अजून वेगळे करा, अमोनिया आणि अमोनियम. साध्या चाचणीत दोघांची बेरीज येते. 25 अंशाला सामू 7 असताना त्यात विषारी अमोनिया टक्काभरही नसतो, 8 ला 5 टक्क्यांच्या आसपास जातो, 9 ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. त्यामुळे ‘सामू वाढवा’ असं मोघम लिहिणं धोक्याचं. टँकमध्ये अमोनिया असताना कोणी एका दमात वाढवला तर मासे दगावतील.

विचारणाऱ्याकडून :
मनापासून आभार. वाक्य असं केलंय : “मलावीच्या म्बुनांसाठी (खडकांत राहणाऱ्या सिक्लिडांसाठी) अल्कता म्हणजे केएच 6 ते 8 डिग्री आणि दुष्फेनता म्हणजे जीएच 4 ते 6 डिग्री ठेवा, सामू 7.7 ते 8.6 च्या दरम्यान आपोआप राहील.”

प्रतिसाद :
छान झालंय, फक्त ‘आपोआप’ काढा. पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठला तर केएच ठीक असूनही सामू खाली राहतो. पृष्ठभाग हलता असला की तो वायू उडून जातो, म्हणून तिथे “पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवल्यास” असं लिहा.