मदत हवी आहे : क्लाउनफिशची पिल्ले आठव्या दिवसापुढे जगत नाहीत (भुसावळ)

नमस्कार. मी भुसावळला राहतो आणि तीन वर्षांपासून घरी खाऱ्या पाण्याची दोनशे लिटरची टाकी सांभाळतो आहे. तिच्यातली ऑसेलारिस क्लाउनफिश या केशरी-पांढऱ्या पट्टेदार समुद्री माशाची जोडी डिसेंबरपासून नियमित अंडी घालते आणि अंडी फुटतातही, परंतु पिल्ले सहाव्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान एकाएकी मरतात. आतापर्यंत पाच खेपा अशा गेल्या. जाणकारांनी कारण शोधायला मदत करावी, ही विनंती.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. मला मुळात बुटके समुद्रघोडे पाळायचे होते. मेक्सिकोच्या आखाताकडचा हा जीव जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा असतो, आणि नराच्या पिशवीतून दहा-बारा दिवसांनी पूर्ण घडलेली पिल्ले बाहेर येतात, हे वाचल्यापासून मला दुसरे काही सुचत नव्हते. पण आपल्याकडे समुद्रघोड्यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कोणी विकायला आणले तरी ते घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे, म्हणून तो विचार मी कायमचा सोडला. मात्र त्या तयारीत आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक खाऱ्या पाण्यातल्या जीवाची अंडी फोडायला शिकलो होतो : शीतपेयाची दोन लिटरची बाटली उलटी टांगायची, लिटरमागे पंचवीस ग्रॅम मीठ घालायचे, तळातून हवा सोडायची, की दुसऱ्या दिवशी केशरी पिल्लांचा थर मिळतो. समुद्रघोड्याचे पिल्लू पहिल्या दिवसापासून हे खाते. क्लाउनफिशचे पिल्लू जन्मतः तीन-चार मिलिमीटरचे असते आणि आर्टेमिया त्याच्या तोंडात मावत नाही, हे मला दोन खेपा उपाशी मेल्यावर कळले.

त्यानंतर मी रोटिफर, म्हणजे आर्टेमियाहूनही बारीक असे पाण्यातले जीव, आणले. वीस लिटरच्या दोन बादल्यांत ते वाढवतो. एप्रिलमध्ये पारा त्रेचाळीसवर गेला तेव्हा त्यांना खायला वाढवलेल्या हिरव्या शेवाळाच्या सगळ्या बरण्या तीन दिवसांत पांढऱ्या पडल्या, म्हणून तेव्हापासून रोटिफरांना बेकरीतले यीस्ट पाण्यात कालवून देतो. त्यावर ते भरपूर वाढतात.

पाणी आरओचे वापरतो, कारण आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरे पुटे चढतात. खारेपणा दाखवणारे विशिष्ट गुरुत्व १.०२५ आहे. अमोनिया दर संध्याकाळी तपासतो, तो आढळत नाही. कूलर चालू असताना टाकीचे पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर राहते; दुपारी वीज गेली तर तीस-एकतीसपर्यंत चढते. त्या वेळी हवेचा बॅटरीवरचा पंप लावतो.

अंडी कौलाच्या तुकड्यावर घातली जातात. नर मेलेली अंडी तोंडाने वेचून टाकतो आणि उरलेल्यांना परांनी सतत वारा घालतो. सातव्या दिवशी अंड्यांत चंदेरी डोळे चमकू लागले की त्या संध्याकाळी कौल वेगळ्या पंचवीस लिटरच्या टाकीत हलवतो आणि खाली बुडबुडे सोडणारा हवेचा दगड ठेवतो. दिवे मालवल्यावर दीड-दोन तासांत पिल्ले सुटतात. मागच्या खेपेला सुमारे ऐंशी पिल्ले होती. पाचव्या दिवसापर्यंत त्यांची पोटे गोल आणि भरलेली होती. सातव्या दिवशी सकाळी दिवा लावताच चार-पाच पिल्ले जागच्या जागी गोल गरगरली आणि तळाशी आडवी पडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही उरले नाही. पोट भरलेले असताना पिल्लू मरते, हे मला सोसवत नाही आणि समजतही नाही. चूक पाण्यात आहे, उष्णतेत आहे की खाण्यात?

प्रतिसाद (धुळे)

भाऊ, दिवा लावताच गरगरून पडणे ही खूण महत्त्वाची आहे, आणि आपण ती नीट पाहिलीत. माझ्या मते दोष यीस्टमध्ये आहे. रोटिफर ही नुसती पिशवी समजा. आपण तिच्यात जे भरतो तेच पिल्लाच्या पोटात जाते. यीस्टने रोटिफर वाढतात, पण सागरी माशांच्या पिल्लांना लागणारी डीएचए आणि ईपीए ही मेदाम्ले त्यात नसतात आणि पिल्लांना ती स्वतःच्या शरीरात पुरेशी तयार करता येत नाहीत. अंड्यातून मिळालेली शिदोरी काही दिवस पुरते, नंतर प्रकाशाचा वा हाताळण्याचा लहानसा धक्काही त्यांना सहन होत नाही. माझ्याही दोन खेपा अशाच गेल्या होत्या.

घरी शेवाळ वाढवण्याचा आग्रह उन्हाळ्यापुरता सोडा. दाट शेवाळाची तयार पेस्ट फ्रिजमध्ये ठेवता येते. नुसते नॅनोक्लोरोप्सिस जातीचे शेवाळ घेऊ नका. त्यात ईपीए भरपूर असले तरी डीएचए जवळजवळ नसते, म्हणून सोबत आयसोक्रायसिस हे शेवाळही हवे. पिल्लांना देण्यापूर्वी रोटिफर सहा ते आठ तास त्या मिश्रणात ठेवा, मग पन्नास मायक्रॉनच्या जाळीतून गाळून, धुऊन द्या. पिल्लांच्या टाकीचे पाणीही किंचित हिरवे ठेवा, म्हणजे तिथले रोटिफर उपाशी राहत नाहीत आणि प्रकाशही सौम्य होतो. सकाळी मोठा दिवा लगेच लावू नका. आधी खिडकी उघडून उजेड हळूहळू येऊ द्या.

रोटिफरच्या बादल्यांना आपण माठाला गुंडाळतो तसे ओले गोणपाट गुंडाळून पाण्याच्या घमेल्यात ठेवा. खानदेशातली कोरडी हवा इथे आपल्या कामाची आहे. मात्र कूलरच्या बंद खोलीत हवा दमट होते आणि गोणपाटाचा उपयोग घटतो, म्हणून बादल्या बाहेर सावलीत, वाऱ्यावर ठेवा. बाष्पीभवनाने क्षार वाढतात, तेव्हा रोज खुणेपर्यंत आरओचे गोडे पाणी भरा.

आर्टेमिया आठव्या दिवसाच्या आसपास, रोटिफर न थांबवता, थोडा थोडा सुरू करा. केळीची टिश्यूकल्चर रोपे शेडनेटमधून एकदम उन्हात काढत नाहीत, तसेच हे आहे. ताज्या आर्टेमियातही डीएचए नगण्य असते आणि सुटल्यावर पहिले काही तास त्याचे तोंडच उघडलेले नसते. म्हणून बारा तासांनी त्याला पेस्ट द्या आणि नंतरच वापरा.

धागाकर्ता, तीन आठवड्यांनंतर

दादा, आपण सांगितल्याप्रमाणे सर्व केले. पेस्ट यायला चार दिवस लागले, तोवर जोडीने पुन्हा अंडी घातली होती. या खेपेला सुमारे साठ पिल्ले सुटली. पहिल्या तीन दिवसांत बरीच गेली, पण सातव्या सकाळी खिडकी उघडली तेव्हा एकही गरगरले नाही. आज अकरावा दिवस आहे आणि तेवीस पिल्ले आहेत. त्यांतल्या दोघांच्या डोक्यामागे पांढरा पट्टा उमटू लागला आहे. भिंगातून पाहिले तर तो अजून धुरकट दिसतो. आईलाही बोलावून दाखवला.

आता एकच विचारायचे आहे. सगळ्यांचे पट्टे उमटेपर्यंत त्यांना याच पंचवीस लिटरमध्ये ठेवावे, की मोठी पिल्ले आधी हलवावीत? हलवताना जाळी वापरणार नाही, वाटीने पाण्यासकटच उचलेन.