हार्थस्टोन: ४२०० डस्ट आहे, लॅडर चढायला कुठला डेक बनवू?

दांडियाबाजार_०७:

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. हार्थस्टोन (पत्त्यांसारख्या कार्डांचा ऑनलाइन गेम) कॉलेजात असताना खेळायचो, मग नोकरी लागली आणि सुटलं, आता चार महिन्यांपासून परत सुरू केलंय. मकरपुऱ्याला कंपनीत आहे, घरी यायला आठ वाजतात, जेवणं उरकली की दहा ते अकरा असा एक तास मिळतो आणि तोही मोबाइलवर.

अडचण अशी की लॅडरवर, म्हणजे रँकच्या शिडीवर, दर महिन्याला प्लॅटिनम ५ ला येऊन अडकतो. फ्लोअर असल्यामुळे खाली जात नाही पण वरही सरकत नाही. आधी पॅलाडिन क्लासचा (क्लास म्हणजे पात्राचा प्रकार) मिडरेंज डेक (कार्डांचा संच) खेळलो, तो हरायला लागला म्हणून मॅज, मग वॉरियरचं अर्धवट काहीतरी बनवलं, पाच गेम लागोपाठ हरलो की वाटतं डेकच चुकीचा घेतला आणि परत दुसरा शोधायला लागतो. ४२०० डस्ट (कार्डं बनवायला लागणारी गेममधली पूड) साठलंय, ते जपून वापरायचंय, कारण पैसे टाकून पॅक घ्यायचे नाहीत असं ठरवलंय, यंदा बहिणीचं लग्न आहे. एक मित्र म्हणतो डोळे झाकून अ‍ॅग्रो हंटर घे (अ‍ॅग्रो म्हणजे झटपट मारून गेम संपवणारा), दुसरा म्हणतो अ‍ॅग्रोने खेळ सुधारत नाही, कंट्रोल (आधी अडवून सावकाश जिंकणारा) शिक. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत फतेहगंजला मित्राकडे आमच्या ग्रुपची आपसात स्पर्धा आहे, प्रत्येकाने तीन डेक आणायचे, एक बॅन होणार, म्हणजे तो समोरचा खेळू देणार नाही. लेजंड, म्हणजे सगळ्यात वरची रँक, एकदा तरी गाठायचीच आहे. काय बनवू?

रावपुरा_रोग:

अ‍ॅग्रो. तुझ्याकडे रोजचा एकच तास आहे, बाकी काही विचार करायची गरजच नाही. आणि डेक बदलणं आधी बंद कर, निम्मा प्रॉब्लेम तिथेच आहे. जुनी कार्डं मोडून डस्ट करत असशील तर तेही थांबव.

सूरसागर_काठी:

वरच्या भाऊंशी सहमत आहे पण कारण नीट सांगतो, कारण "अ‍ॅग्रो घे" एवढं सांगून भागत नाही, मी स्वतः दोन वर्षं अ‍ॅग्रो चुकीचा खेळत होतो.

आधी हिशेब. डायमंड ५ पर्यंत लागोपाठ जिंकलं की जास्तीचा स्टार मिळतो. डायमंड ५ पासून लेजंडपर्यंत ती सवलत नाही, एक जय एक स्टार, एक हार एक स्टार वजा, आणि पाच रँक गुणिले प्रत्येकी तीन स्टार म्हणजे पंधरा स्टार निव्वळ कमवायचे. ५५ टक्के जिंकलात तर शंभर गेममध्ये हातात राहतात दहा, म्हणजे पंधरा स्टारला दीडशे गेम. ५२ टक्के असेल तर शंभरात फक्त चार, म्हणजे पावणेचारशे गेम! दिसायला तीन टक्क्यांचा फरक आहे पण महिनाच हातातून जातो. आता अ‍ॅग्रोचा गेम सहा मिनिटांत संपतो, तासाला नऊ-दहा होतात, दीडशे गेम सोळा-सतरा दिवसांत. कंट्रोलचा गेम बारा-चौदा मिनिटं चालतो, तासाला चार-पाच, म्हणजे तेच दीडशे गेम करायला महिनाभराहून जास्त, आणि एक तारखेला सीझन बदलला की रँक परत खाली. तुमचा वेळ पाहता हे असं आहे, त्यात अ‍ॅग्रो चांगला की कंट्रोल चांगला हा प्रश्नच येत नाही.

डस्टचं. कार्ड किती दुर्मिळ त्यावर ठरतं, लिजेंडरी बनवायला १६००, एपिक ४००, रेअर १००, कॉमन ४०. तुमच्या ४२०० मध्ये दोन लिजेंडरी, दोन एपिक, दोन रेअर, संपलं. कंट्रोल वॉरियरसारख्या डेकला जुन्या खेळाडूंनी वॉलेट वॉरियर असं नावच ठेवलं होतं, पाच-सहा लिजेंडरी सहज लागायच्या. आणि मोडताना मिळतं किती, लिजेंडरीचे ४००, म्हणजे चार मोडाल तेव्हा एक होईल, कॉमनचे तर ५, आठ मोडल्या की एक. म्हणून मोडायचं फक्त तेव्हा जेव्हा एखादं कार्ड नर्फ होतं (कंपनी ते कमकुवत करते), कारण तेव्हा काही दिवस पूर्ण डस्ट परत मिळतं. कोअर सेट (मूळ कार्डांचा संच) फुकट आहे, त्यातली किती कार्डं लागतात ते आधी बघा. नवीन लिजेंडरी बनवायच्या आधी ती स्टँडर्डमधून (ज्यात फक्त अलीकडचे सेट चालतात) कधी बाहेर पडणार तेही बघा, दर वर्षी पहिलं एक्सपान्शन (नवा कार्डसेट) आलं की जुने सेट जातात, आणि फेब्रुवारीत १६०० घालवले तर एप्रिलमध्ये हळहळ होते.

कुठली लिस्ट ते मी मुद्दाम सांगत नाहीये, पॅच आला की बदलते. पण अ‍ॅग्रो लिस्ट निवडताना एक गोष्ट मोजा, एक मानाची (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी शक्ती, पहिल्या टर्नला एकच मिळते) कार्डं किती आहेत. एखाद्या कार्डाच्या दोन प्रती असतील आणि मलिगनमध्ये (सुरुवातीची नको ती कार्डं बदलताना) तुम्ही बाकी सगळं टाकून त्यालाच शोधलंत, तरी पहिली पाळी असेल तर पहिल्या टर्नला ते हातात असण्याची शक्यता ४१ टक्के, दुसरी पाळी म्हणजे कॉइन असेल तर ५१. तीन वेगवेगळी एक मानाची, म्हणजे सहा प्रती असतील तर पहिल्या पाळीलाही ८२ टक्के. ज्या लिस्टमध्ये अशा कार्डांच्या दोन-तीनच प्रती आहेत तिला लोक अ‍ॅग्रो म्हणतात पण ती निम्म्या वेळेला पहिला टर्न रिकामा घालवते.

आता मुख्य. डेकचं नाव अ‍ॅग्रो असलं तरी प्रत्येक गेममध्ये मारणारे तुम्हीच असता असं नाही. समोर तुमच्याहून वेगवान डेक आला की त्या गेमपुरते तुम्ही कंट्रोल. हे मला कळलं तो गेम अजून आठवतो. सहावा टर्न, माझी हेल्थ ११, समोर हंटर १६ वर. माझ्या बोर्डवर तीन मिनियन (लढणारी कार्डं), ४/४, ३/२, २/३, पहिला आकडा मार, दुसरा हेल्थ. त्याच्याकडे एक ३/२ आणि एक २/१, दोन्ही बीस्ट (प्राणी). नऊ डॅमेज आहे म्हणून मी सगळं तोंडावर मारलं, तो ७ वर आला, मला वाटलं पुढच्या टर्नला संपवतो. त्याने मिनियनने पाच मारले, हीरो पॉवरचे दोन, आणि तीन मानाचं किल कमांड, बीस्ट असल्यामुळे पाच. बारा. मी ११ वरून खलास.

तोच टर्न परत मांडून बघा. ४/४ ने ३/२ मारला असता तर तो ४/१ राहून वाचला असता, २/३ ने २/१ मारला असता तर तोही वाचला असता, आणि उरलेल्या ३/२ ने तोंडावर तीन, हंटर १३ वर. त्याचा बोर्ड रिकामा, बीस्ट नाही म्हणून किल कमांड तीनच, हीरो पॉवरचे दोन, मी ६ वर आणि माझे तिन्ही मिनियन उभे. पुढच्या टर्नला नऊ, तो चारवर. तो गेम बहुतेक माझाच होता, कार्डं तीच, डेक तोच.

उलट समोर सावकाश कंट्रोल असेल तर ट्रेड करण्यात (मिनियनने मिनियन मारण्यात) टर्न घालवू नका, तोंडावर मारा, पण सातवा टर्न जवळ येतोय आणि समोर मॅज आहे तर फ्लेमस्ट्राइक (समोरच्या सगळ्या मिनियनना भाजणारं सात मानाचं कार्ड) डोक्यात ठेवून दोन मिनियन हातात राखून ठेवा. मेंढीकोटात आजोबा सगळे हुकूम आधीच उतरले की ओरडायचे, तसंच आहे.

तेव्हा एक डेक, किमान ऐंशी गेम, मधे बदल नाही. प्रत्येक हरलेल्या गेमनंतर एकच प्रश्न लिहून ठेवा, या गेममध्ये मारणारा कोण होता आणि मी तसा खेळलो का.

नवापुरा_प्रीस्ट:

हिशेब सगळा पटला दादा, तरी थोडं वेगळं सांगते. मी प्रीस्टच खेळते, दोनदा लेजंड झाले, दोन्ही वेळा सुट्ट्या होत्या हे मान्य. पण अ‍ॅग्रो खेळताना मला तिसऱ्या हारेनंतर राग यायचा आणि मग रागात अजून सात गेम खेळून सगळे स्टार घालवायचे. कंट्रोलमध्ये समोरच्याकडे काय असेल याचा विचार करावा लागतो त्यामुळे मन शांत राहतं. धागाकर्त्या भाऊंनी स्वतःला विचारावं की हरल्यावर हात थांबतो का. नसेल थांबत तर कुठलाही डेक घ्या पण तीन सलग हरलो की फोन बाजूला, हा नियम पाळाच. मी तेव्हा गच्चीवर जाऊन येते, दहा मिनिटांत फरक पडतो.

आणि अ‍ॅग्रोने शिकायला मिळत नाही हे मात्र मित्राचं चुकीचं आहे. एका डॅमेजने लीथल (समोरच्याला संपवणारा घाव) हुकला की कळतं चौथ्या टर्नला काय चुकलं होतं.

बडोदेकर_पुण्यात:

स्पर्धेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तीन डेक एक बॅन हे कॉन्क्वेस्ट असेल, म्हणजे जिंकलेला डेक बाजूला जातो आणि उरलेल्या दोन्ही डेकने एकेकदा जिंकावंच लागतं, तर लॅडरचा विचार तिथे चालत नाही. एक जबरदस्त डेक आणि दोन लंगडे आणले तर समोरचा जबरदस्त तोच बॅन करणार. तुमचा सगळ्यात कच्चा डेक कुठला यावर स्पर्धा ठरते. आणि तिन्ही डेक एकाच गोष्टीला हरवणारे आणा. ग्रुपमधले लोक कंट्रोल आणतात हे माहीत असेल (ते बोलून दाखवतातच) तर त्यांच्यावर भारी पडणारे कॉम्बो (ठरावीक कार्डं जमवून मारणारे) किंवा दमदार लेट गेमवाले डेक घ्या आणि त्यांचा जो एक वेगवान डेक असेल तोच बॅन करा. तिथे तीन गेम अंदाजाने खेळून चालत नाही, बॅन आधीच ठरवून या. डस्टचा प्रश्न असेल तर एकाच लिजेंडरीवर दोन डेक चालतात का बघा, न्यूट्रल लिजेंडरी घेतली तर कुठल्याही क्लासमध्ये जाते.

आपल्या भुजच्या तीर्थ मेहताने २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये हार्थस्टोनमध्ये ब्राँझ घेतलं होतं, प्रात्यक्षिक खेळ होता म्हणून पदकांच्या यादीत धरलं नाही, पण कच्छमधून बसून इथवर जाता येतं हे बघून मी तेव्हा परत खेळायला लागलो. त्याचे जुने सामने मिळाले तर फक्त मलिगन बघा, काय ठेवतो आणि काय टाकतो. एक तास घालवायला त्याहून चांगलं काही नाही.

रावपुरा_रोग:

एक राहिलं, बरेच दिवस न खेळता परत आलेल्यांना काही डेक वापरून बघायला उसने मिळतात आणि त्यातला एक ठेवता येतो. तू चार महिन्यांपूर्वी आलास तेव्हा घेतला होतास का? त्यात काही चांगलं पडलं असेल तर डस्ट वाचेल.

दांडियाबाजार_०७:

सगळ्यांचे मनापासून आभार. उसना डेक घेतला होता, हंटरचाच होता आणि मी तो एकदाही खेळलो नव्हतो, त्यात एक लिजेंडरी होतीच. त्यामुळे फक्त एक एपिक आणि चार रेअर बनवले, ८०० डस्ट गेले, ३४०० अजून शिल्लक आहे. एक मानाची कार्डं मोजली, आठ प्रती आहेत.

बारा दिवस झाले, एकच डेक, ९४ गेम, ५३ जिंकले. आज सकाळी डायमंड ७ ला आहे, इथे मी कधीच आलो नव्हतो. सूरसागरदादांनी सांगितलं तसं वहीत लिहितोय, हरलेल्या ४१ पैकी सतरा वेळा मी चुकून मारणारा झालो होतो, सगळ्यात जास्त दुसऱ्या हंटरसमोर. ताईंचा तीन हारेचा नियम चार वेळा लागला, चारही वेळा पाळला.

एक विचारतो, समोरही हंटरच असेल तर मलिगनमध्ये दोन मानाचं सीक्रेट (समोरच्याच्या पाळीत उघडणारं लपवलेलं कार्ड) ठेवायचं का टाकायचं?

सूरसागर_काठी:

कॉइन असेल आणि हातात एक मानाचा मिनियन आधीच असेल तर ठेवा. नाहीतर टाका.