मदत हवी आहे: ग्रीसला मे महिन्यात जावं की दिवाळीत?

नमस्कार मंडळी,
आई-बाबा आणि मुलांना घेऊन ग्रीसला जायचं ठरतंय. अथेन्स, तिथून बोटीने नॅक्सोस आणि सँटोरिनी, शेवटी क्रीट. शाळेच्या सुट्ट्यांमुळे मे किंवा दिवाळी एवढेच पर्याय आहेत.

जुलै-ऑगस्ट तसाही नकोच होता. २०२३ च्या जुलैत उष्णतेमुळे अथेन्सच्या टेकडीवरचं प्राचीन अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवलं होतं, आणि बाबांनी सत्तरी ओलांडली आहे. शिवाय त्या दिवसांत एजियन समुद्रावर ‘मेल्टेमी’ हा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. लख्ख ऊन, आभाळात ढग नाही आणि बोटी मात्र रद्द! (बाल्कनकडे जास्त दाब आणि तुर्कस्तानवर कमी दाब, म्हणून हा वारा. तो कमी दाबाचा पट्टा आपल्या मोसमी पावसाच्या पट्ट्याचंच पश्चिमेकडचं टोक आहे, हे वाचून फार नवल वाटलं.)

खरी काळजी आईच्या दम्याची आहे. वसंतात दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर सहाराची धूळ येते. एप्रिल २०२४ मध्ये अथेन्सचं आकाश नारिंगी झालं होतं. मे महिन्यात हा धोका कितपत असतो? आणि दिवाळीत पाऊस किती आडवा येईल? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद:
मी अथेन्सला राहिले आहे. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा धरा. धूळ तेव्हाही येऊ शकते, पण सहसा दोन-तीन दिवसांत निवळते आणि अंदाज आधी कळतो. तेवढे दिवस काकूंना खिडक्या लावून घरात बसू द्या; इनहेलर मात्र हातातल्या पर्समध्येच हवा. समुद्र अजून गार असतो, मुलं कुरकुरतील.

अथेन्सला वर्षभरात जेमतेम ४०० मिमी पाऊस पडतो. पश्चिमेचे ढग पिंडस पर्वतावर अडतात, आपल्या सह्याद्रीसारखंच. त्यामुळे पश्चिमेकडच्या कोर्फू बेटावर १००० मिमीच्याही वर. पण अथेन्सचा तो थोडा पाऊसही मुख्यतः ऑक्टोबर ते मार्चमध्ये येतो, नोव्हेंबर-डिसेंबरात सगळ्यात जास्त. त्यात नोव्हेंबर लागला की सँटोरिनीची बरीच हॉटेलं बंद होतात, बोटीही कमी होतात. दिवाळीतच जायचं असेल तर नॅक्सोस-सँटोरिनी गाळून अथेन्स आणि क्रीट करा.

धागाकर्ती:
खूप आभार, ताई. मग मे नक्की. बाबांना बोट लागते. नॅक्सोससाठी मोठी संथ फेरी बरी की वेगवान बोट?

प्रतिसाद:
मोठीच घ्या, कमी हलते. आणि परतीच्या विमानाआधी अथेन्सला एक दिवस मोकळा ठेवा. वारा मे महिन्यातही कधीकधी बोटी अडवतो.