शब्दचर्चा : ‘नवतारा’ नवा नसतो, मग म्हणायचं काय?

गोदाकाठ
नाशिकच्या आकाशनिरीक्षकांसाठी चार पानी पत्रक लिहायचं आहे : नोव्हा, म्हणजे अचानक भडकून दिसू लागणारा तारा, कसा शोधायचा आणि कसा ओळखायचा. काही शब्दांवर अडलंय.
‘नवतारा’ लिहिलं की वाचणाऱ्याला तारा जन्मला असं वाटतं. मग सरळ ‘नोव्हा’ लिहावं का? ‘तारा फुटला’ चालेल का? आणि ताऱ्याचं तेज सांगणारा आकडा म्हणजे प्रत, तर ‘प्रत वाढली’ म्हणजे तेज वाढलं की आकडा वाढला?

अक्षरवेल
नवतारा ठेवा. नवेपण बघणाऱ्याच्या दृष्टीचं आहे, ताऱ्याचं नाही. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेने १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात दिसलेल्या ताऱ्याला ‘नवा तारा’ म्हटलं, तिथून हे नाव आलं. गंमत अशी की तो आजच्या अर्थाने नवतारा नव्हताच, अतिदीप्त नवतारा (सुपरनोव्हा) होता. तेव्हा हा फरक माहीतच नव्हता. सुपरनोव्हा हा शब्दच १९३० च्या दशकात बाडे आणि झ्विकी यांनी रूढ केला.
मात्र एकत्र लिहा. ‘नवा तारा’ असे दोन शब्द केले की जन्माचा अर्थ येतो, आणि नवजात ताऱ्यांचा विषय पूर्ण वेगळा आहे. रूपं : नवतारे, नवताऱ्याचा, नवताऱ्यांना.

मृगशीर्ष
‘फुटला’ मात्र नको. नवताऱ्यात तारा फुटत नाही. जोडीतला श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा लहान, दाट गाभा) शेजारच्या ताऱ्याकडून हायड्रोजन ओढून घेतो, तो पृष्ठभागावर साचतो, तळाशी दाब आणि तापमान पुरेसं झालं की अणुसंमीलनाचा भडका उडतो आणि वरचा थर फेकला जातो. श्वेतबटू तसाच राहतो, पुन्हा साचवू लागतो. म्हणून ‘भडकला’ किंवा ‘उद्रेक झाला’. ‘फुटला’ अतिदीप्त नवताऱ्यासाठी राखून ठेवा.
याच कारणाने ‘आवर्ती नवतारा’ (पुन्हा पुन्हा भडकणारा) ही संज्ञा अर्थपूर्ण होते. उत्तर मुकुट तारकासमूहातला टी कोरोनी बोरिआलिस हा तारा १८६६ आणि १९४६ मध्ये भडकला. एरवी दहाव्या प्रतीच्या आसपास असतो, भडकला की दुसऱ्या प्रतीपर्यंत येतो. नाशिकहून तो माथ्याच्या उत्तरेला जेमतेम सहा अंशांवरून जातो, त्यामुळे पत्रकात त्याचा नकाशा हवाच.

अक्षरवेल
‘प्रत’ हा फार चांगला शब्द आहे, फक्त ‘वाढली’ आणि ‘चढली’ टाळा. द्राक्षाची पहिली प्रत दुसरीपेक्षा सरस, तसंच ताऱ्याचं : आकडा लहान, तेज जास्त. वाक्य ‘तेज आठ प्रतींनी वाढलं’ असं करा, संदिग्धता राहत नाही. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट, म्हणून टी कोरोनीच्या आठ प्रती म्हणजे सुमारे सोळाशे पट.

श्रवण
माझ्या मते खरा घोळ ‘शोध’ या शब्दात आहे. मराठीत शोध *घेणे* आणि शोध *लावणे* एकाच नामावर चालतात. ‘नवताऱ्याचा शोध’ एवढंच शीर्षक दिलं की दोन वेगळी कामं एक वाटतात. पत्रकात तीन टप्पे तीन शब्दांनी वेगळे करा : शोध घेणे, पडताळणे, निश्चिती. पहिले दोन आपले. निश्चिती वर्णपटाने, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून, होते, आणि ती होईपर्यंत लिहायचं ‘संभाव्य नवतारा’. उदाहरण द्या : १८ मार्च २०२१ ला जपानच्या युजी नाकामुरांना शर्मिष्ठेत १३५ मिमीच्या लेन्सने ९.६ प्रतीचा ठिपका सापडला. क्योटो विद्यापीठाच्या सेइमेइ दुर्बिणीने वर्णपट घेतल्यावर तो नवतारा ठरला. मे महिन्यात तो नुसत्या डोळ्यांच्या टप्प्यात आला.

गोदाकाठ
पडताळण्यात काय काय लिहू? साधन सगळ्यांकडे असतं तेच : ५० मिमी लेन्स, तिवई, १०×५० ची द्विनेत्री.

मृगशीर्ष
लेन्सचं छिद्र एफ/२.८ वर आणा, पूर्ण उघडी ठेवली तर कडेचे तारे शेपटी काढतात. आयएसओ १६००, ४ सेकंदांच्या दहा फ्रेम एकत्र केल्या की अंधाऱ्या जागी साधारण नवव्या प्रतीपर्यंत पोचता येतं. पाच फ्रेम झाल्यावर कॅमेरा अंशभर सरकवा. बिघडलेला पिक्सेल चिपवर त्याच जागी राहील, लेन्समधलं प्रतिबिंब भलतीकडे जाईल, तारा मात्र ताऱ्यांसोबत राहील.
लघुग्रहाबाबत बहुतेक जण फसतात. ‘अर्ध्या तासात हलला नाही, म्हणजे लघुग्रह नाही’ हे ५० मिमीवर चुकीचं आहे. ४.३ मायक्रॉनच्या पिक्सेलला या लेन्सवर सुमारे १८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) पडतात आणि मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातला लघुग्रह तासाला ३०-४० विकला सरकतो. म्हणजे अर्ध्या तासात एक पिक्सेल. निदान दोन तास थांबा आणि लघुग्रहांची त्या वेळची स्थानं तपासाच. युरेनस, नेपच्यूनही तपासा.
त्यानंतर मीरा जातीचे रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होतं असे. हंसातला काय सिग्नी चौदाव्या प्रतीवरून कधी कधी चौथ्याच्याही वर येतो, आणि जुन्या फोटोत तो नसेल तर नवाच वाटतो. व्हीएसएक्स या रूपविकारी ताऱ्यांच्या सूचीत त्या जागी कुणी नोंदलेला आहे का ते बघा. मीरा तारे लालसर असतात. रंगावर एकट्यावर भिस्त नको : नवतारा आधी पांढरा-पिवळसर, पुढे हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या रेषेमुळे लाल होतो, आणि साध्या कॅमेऱ्यातली गाळणी नेमका तोच प्रकाश बराचसा अडवते.

श्रवण
जागेबद्दल एक ओळ घाला. त्र्यंबक-हरसूल बाजूला गेलं की शहराचा उजेड पूर्वेला येतो. संध्याकाळी पश्चिमेच्या आकाशासाठी ती बाजू उत्तम. पण फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे वृश्चिक-धनु पूर्वेकडून, आग्नेयेकडून वर येतात, नेमके त्या उजेडातून. तेव्हा चांदवड-येवल्याकडे जा. नवतारे सर्वाधिक तिथेच सापडतात, कारण आकाशगंगेचं केंद्र तिकडे आहे. ते नाशिकहून ४१ अंश वर चढतं, टोकियोच्या अक्षांशावर २५ च्या आसपासच. पावसाळ्यात मात्र हेच आकाश रात्रभर ढगाआड, म्हणून पहाटेचे हे महिने वाया घालवू नयेत.
आणि वेळ. कळवताना जागतिक वेळ, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. १२ मार्चच्या पहाटे ४ ची नोंद ‘११.९४ मार्च’ अशी जाते. इथे तारीख चुकली की दुसऱ्याच्या आदल्या रात्रीच्या फोटोशी ताळा बसत नाही.

अक्षरवेल
कोनाला ‘मिनिट-सेकंद’ न लिहिता कला-विकला लिहा. त्याच ओळीत घड्याळाची वेळ येते, वाचणारा गोंधळतो.

गोदाकाठ
मग शीर्षक ‘संभाव्य नवतारा : शोध घेणे आणि पडताळणे’. पहिलं वाक्य : ‘एरवी दिसतही नसलेला जुना तारा अचानक भडकून दिसू लागला, तर त्याला नवतारा म्हणतात.’

मृगशीर्ष
‘जुना’ आवर्जून ठेवा.