हायब्रिडचं कूलंट घरीच बदलायचंय, पण इंजिन आपोआप बंद पडतं मग एअर कशी काढायची?

पाना_पक्कड:
नमस्कार मंडळी, तिसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस आहे (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली हायब्रिड), सेकंडहँड घेतलेली, दीड लाख किमीच्या वर चाललीये आणि आधीच्या मालकाने कूलंट कधी बदललं होतं की नाही याची सर्व्हिस बुकात नोंदच नाहीये. साध्या पेट्रोल गाडीचं कूलंट मी नेहमी घरीच बदलतो, खालचा कॉक उघडायचा, साधं पाणी घालून फ्लश करायचं, नवीन भरायचं आणि थर्मोस्टॅट (कूलंट गरम झालं की ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवून बुडबुडे निघू द्यायचे, त्यात काही विशेष नाही. पण हिचं इंजिन थोडं गरम झालं की स्वतःहून बंद होतं, मग एअर निघणार कशी? दुसरं म्हणजे बॉनेटखाली कूलंटच्या दोन टाक्या दिसतात, दोन्हीत गुलाबीच आहे, दोन्ही एकदमच बदलायचं असतं का? आणि त्या नारंगी वायरी बघून खरं सांगायचं तर जरा भीती वाटते. आधी कोणी घरी केलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

रेडिएटर_रिपेअर:
दोन टाक्या म्हणजे दोन वेगळी सर्किट, एकीचं कूलंट दुसरीत जात नाही. एक इंजिनचं, दुसरं इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा भाग) आणि ट्रान्सअ‍ॅक्सलचं (मोटर आणि गिअर एकत्र असलेला भाग). टोयोटाच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये इंजिनचं पहिल्यांदा १,६०,००० किमीला आणि इन्व्हर्टरचं २,४०,००० किमीला बदलायला सांगितलंय, त्यानंतर दोन्ही दर ८०,००० किमीला. किमी नाही झाले तरी वर्षांची मर्यादा असते ती वेगळी. तुमच्याकडे नोंद नाही म्हणजे इंजिनचं आता कराच, इन्व्हर्टरचं स्वच्छ दिसत असेल तर घाई नाही.

आता मुख्य प्रश्न. इंजिन सलग चालू ठेवायला मेंटेनन्स मोड असतो. हँडब्रेक लावा, चाकांना ठोकळे लावा कारण मध्ये गाडी न्यूट्रलला जाते. मग ब्रेकवर पाय न ठेवता पॉवर बटण दोनदा दाबा म्हणजे इग्निशन ऑन होईल. पी (पार्क) मध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दोनदा दाबा, एन (न्यूट्रल) ला घ्या आणि परत दोनदा, पुन्हा पी ला आणून परत दोनदा. हे सगळं एका मिनिटाच्या आत व्हायला लागतं. डिस्प्लेवर मेंटेनन्स मोड दिसला की ब्रेक दाबून गाडी स्टार्ट करा, इंजिन चालू होईल आणि चालूच राहील. गाडी बंद केली की मोड आपोआप जातो, वेगळं काही करावं लागत नाही. या मोडमध्ये गाडी रस्त्यावर मात्र चालवायची नाही, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) बंद असतो.

हीटर फुल गरमवर ठेवायचा म्हणजे हीटर कोअरमधली (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमधली) हवा पण निघते. आणि ह्या गाडीत टेंपरेचरचा काटा नाही, फक्त लाल दिवा आहे आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून ओबीडी डाँगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये बसणारं छोटं यंत्र) लावून कूलंटचं तापमान मोबाईलवर बघत बसा. हीटरमधून सलग गरम हवा येतेय, तापमान स्थिर आहे, रेडिएटरचा पंखा चालू-बंद होतोय म्हणजे काम झालं. तापमान चढतंय आणि हीटर गार हवा फेकतोय असं झालं तर लगेच बंद करा, एअर लॉक आहे, म्हणजे हवा अडकून कूलंट फिरत नाहीये.

निळं_डांगरी:
वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त फ्लशिंगबद्दल बोलते कारण बहुतेक लोक तिथेच गडबड करतात. रेडिएटरचा कॉक उघडून सगळं कूलंट निघत नाही, इंजिनच्या ब्लॉकमध्ये बरंच राहतं, त्याचा ड्रेन वेगळा असतो. आता समजा तुम्ही पाण्याने फ्लश केलं आणि आत २ लिटर पाणी राहिलं, वरून ५ लिटर तयार ५०-५० मिश्रण (अर्धं ग्लायकॉल म्हणजे गोठू न देणारा घटक, अर्धं पाणी) भरलं, तर ७ लिटरमध्ये ग्लायकॉल फक्त अडीच लिटर, म्हणजे ३६ टक्क्यांच्या आसपास. ५० टक्क्याला जे उणे ३७ अंशापर्यंत गोठत नाही ते आता उणे २० च्या आसपासच गोठेल, आणि तुमच्याकडे थंडी नसली तरी गंज रोखणारी रसायनं पण तेवढीच पातळ झाली ना, अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनला तेच जास्त महत्त्वाचं.

म्हणून जुनं कूलंट स्वच्छ गुलाबी असेल तर पाण्याने फ्लश करूच नका, काढा आणि नवीन भरा बस. गढूळ, तपकिरी किंवा तेलकट असेल तरच फ्लश करा आणि तेही डिस्टिल्ड वॉटरने, नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. आणि मग ब्लॉकचा ड्रेन पण उघडा. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणात ग्लायकॉल किती आहे ते दाखवणारं छोटं उपकरण) एक थेंब तपासला की शंका राहत नाही.

रंगावर अजिबात जाऊ नका. गुलाबी दिसतं म्हणून कुठलंही गुलाबी टाकायचं नाही, रंगाचा काही सर्वमान्य नियम नाहीये. ह्या गाडीला सिलिकेट नसलेलं, फॉस्फेट असलेलं ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं लागतं, डब्यामागचं बारीक अक्षर वाचा.

गॅरेजवाले_काका:
सुरक्षेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गाडी रेडी मोडमध्ये (स्टार्ट केलेली, डिस्प्लेवर रेडी दिसतंय अशी) असली की इंजिन कधीही स्वतःहून चालू होतं, त्यामुळे ड्रेन करताना गाडी पूर्ण बंद, आणि स्मार्ट की घरात लांब ठेवा, खिशात नको. नारंगी वायरी हाय व्होल्टेजच्या आहेत, कूलंटच्या कामात त्यांना हात लावायची गरजच पडत नाही, त्यामुळे भिऊ नका पण त्यांचे कनेक्टर, इन्व्हर्टरचं झाकण काही उघडूही नका. इंजिन गरम असताना कॅप उघडायची नाही, रात्रभर गार होऊ द्या. प्लॅस्टिकचा ड्रेन कॉक हातानेच आवळा, पक्कड लावली की तुटतो.

आणि जुनं कूलंट उघड्या टबात ठेवून चहाला जाऊ नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंही किडनी निकामी करतं. लहान मुलांचंही तेच. बंद कॅनमध्ये भरून जिथे वापरलेलं ऑइल घेतात तिथे द्या, गटारात ओतू नका. सांडलेलं भरपूर पाण्याने धुऊन घ्या.

पाना_पक्कड:
काका, ताई, दादा, सगळ्यांचे आभार, एवढं स्पष्ट कुठेच मिळालं नव्हतं. आत्ता टॉर्च मारून पाहिलं, कूलंट स्वच्छ आहे तर फ्लश रद्द. दोन शंका राहिल्या. इन्व्हर्टरचं पुढे कधी केलं तर त्यातली हवा कशी काढायची, तिथे तर इंजिनचा संबंधच नाही. आणि भरल्यानंतर लेव्हल खाली गेली तर किती दिवस नॉर्मल समजायचं?

रेडिएटर_रिपेअर:
इन्व्हर्टरचा पंप इलेक्ट्रिक आहे, गाडी रेडी केली की फिरतो. टाकी भरा, गाडी रेडी करा, टाकीत कूलंट हलताना दिसलं पाहिजे. लेव्हल उतरली की गाडी बंद करून भरा, परत रेडी करा, बुडबुडे थांबेपर्यंत असंच. टाकीत काहीच हालचाल नसेल तर गाडी चालवू नका, पंप गेलाय किंवा हवा अडकलीये, आणि इन्व्हर्टर तापणं फार महागात पडतं.

गॅरेजवाले_काका:
लेव्हल पहिल्या काही फेऱ्यांत थोडी उतरते, उरलेली हवा निघते तेव्हा. दर वेळी सकाळी गार इंजिनवर बघा आणि त्याच कूलंटने टॉप अप करा. पण बाहेर कुठे थेंब नाही आणि तरी आठवड्यामागून आठवडे लेव्हल उतरतच राहिली, टाकीत बुडबुडे थांबेनात, किंवा सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिन थरथरतंय असं झालं तर परत परत एअर काढत बसू नका. ते हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेल्याचं लक्षण असू शकतं, कूलंट सिलेंडरमध्ये जातंय. तेव्हा कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्या आणि तोवर गाडी लांब नेऊ नका.