'गुतले' चूक आणि 'गुंग' बरोबर?

भाचीच्या वहीत बाईंनी केलेला एक लाल गोळा चर्चेला आणतो. पाचवीत आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावीच. निबंधात तिनं लिहिलं, 'मी चंगाअष्टा खेळण्यात गुतले आणि संध्याकाळ झाली.' 'गुतले'भोवती गोळा, बाजूला 'गुंग झाले'. नुसता अनुस्वार देऊन 'गुंतले' केलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण शब्दच बदलला. अर्थ तोच राहिला का? तुमच्याकडे काय म्हणतात?

—

मुळं पाहिली तर गंमत आहे. फारसीत 'गुंग' म्हणजे मुका आणि 'दंग' म्हणजे थक्क. 'गर्क' मूळचा अरबी, अर्थ बुडालेला. आपला संस्कृत 'मग्न'सुद्धा बुडालेलाच. म्हणजे माणूस एक तर बुडतो, नाही तर त्याची वाचा बसते. यात हाताला काही काम दिसत नाही. गुंतण्यात मात्र धागा आहे, गाठ आहे. आमची आई कणीक मळत असली आणि कडी वाजली की आतून ओरडते, "पाय ना कोन हाय, माह्ये हात गुतले." दाव्यात बैलाचा पाय गुततो, लेकरात जीव गुततो. तुमच्या भाचीचा शब्द मला तरी जास्त नेमका वाटतो.

—

थांबा, दुसरी बाजूही आहे. "कालचा दिवस तहसीलच्या कामात गुतलो" असंही आपण म्हणतोच की. त्यात कसला आनंद? 'गुतणे'मध्ये नुसतं व्यग्र असणंही येतं, 'गुंग'मध्ये ते येत नाही. बाईंची बाजू अगदीच लंगडी नाही.

—

कोणी 'तंद्री' सुचवायच्या आत सांगतो, ती वेगळी. 'तन्द्रा' म्हणजे पेंग, झापड. तंद्रीत वरणात मीठ दोनदा पडतं. चंगाअष्ट्यात गुतलेल्या पोराचं तसं नसतं. पटावर सोंगट्या चालवायला चिंचोके दगडावर घासून केलेल्या चार फाका, चारही पांढऱ्या पडल्या तर चंगा, म्हणजे 4, चारही काळ्या पडल्या तर अष्टा, म्हणजे 8. एखादी फाक मातीत तिरपी रुतली की ते पोट्टं काळी का पांढरी यावर अर्धा तास भांडेल. इतकं जागं असतं ते! जेवायचं तेवढं विसरतं.

मिहाय चिक्सेंटमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1970च्या दशकात कडे चढणारे, बुद्धिबळ खेळणारे, शल्यचिकित्सक अशांना विचारून या अवस्थेला 'फ्लो' नाव दिलं, कारण त्यातले कितीतरी जण 'प्रवाह वाहून नेतो' असंच वर्णन करत. त्याचं म्हणणं, काम आपल्या कुवतीला पुरेसं ताण देणारं हवं. फार सोपं असलं तर कंटाळा, फार अवघड असलं तर धास्ती. मराठीत कोणी त्याला 'तंद्री' म्हटलं की मला ते दोनदा पडलेलं मीठ आठवतं.

—

क्रियापदंही पाहा. तंद्री लागते, टाळी लागते, नाद लागतो, चटक लागते. हे सगळं भुकेसारखं आपोआप येणारं, कर्ता माणूस नाहीच. रमणे, रंगणे, गुंतणे यांत कर्ता माणूस असतो. शिवाय 'नाद' वर्षानुवर्षं पुरतो आणि 'गुतणं' एका दुपारीत संपतं. रमण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते लेकरांचं आणि माहेरी आलेल्या मुलींचं.

—

मी गडचिरोलीकडच्या वडसा भागातली. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो, सुटेपर्यंत झुंजूमुंजू होतं. थंडीत शाल पांघरून, लेकरं मांडीवर झोपवून लोक बसतात. त्याला आम्ही 'रंगलं' म्हणतो. नाटकही रंगतं आणि पाहणाराही. पण निंदणाला गेलेल्या बायका कितीही भान विसरून गात असल्या, तरी 'निंदण रंगलं' असं मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तिथं 'बाया निंदनात गुतल्या' हेच.

—

प्रश्न माझाच होता, म्हणून उत्तर देतो. तहसीलमध्ये गुतलेला माणूस दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहतो आणि त्याला भूकही लागते. खेळात गुतलेल्याला दोन्ही नाही. शब्द एकच, पण आमच्या आजीच्या आवाजावरून कोणतं गुतणं ते कळायचं. आम्ही चौघं बाभळीखाली, ढोरं आमच्या भरवशावर. आजी बांधावरून ओरडली, "लोकाइच्या वावरात ढोरं शिरले ना बे! गुतले का त्या खेयात?" ऐकू तिघांना आलं. उठलं कोणीच नाही, कारण चौथ्याला चंगा पडला होता आणि त्याला अजून एक फेक मिळणार होती. तुरीची एक ओळ ढोरांनी साफ केली. मार चांगला आठवतो. माझी शेवटची सोंगटी त्याआधी मधल्या घरात पोचली होती, हे मात्र ते तिघं आजही कबूल करत नाहीत.