‘ट्रान्सफर’ला बदली म्हणायचं का?

लेक्सिंग्टनकर

बाबा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते तेव्हाची गोष्ट. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल सामना लावला होता. अमारी विल्यम्सकडे बोट दाखवून म्हणाले, “हा ताडमाड पोरगा कोण?” मी म्हटलं, “ड्रेक्सेलहून बदली होऊन आलाय.” बाबांनी लगेच विचारलं, “का? काय केलं होतं त्यानं तिथं?”

त्यांच्या हिशेबात मधूनच बदली म्हणजे कुणाची तरी तक्रार. तेव्हापासून हा शब्द मला टोचतोय. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये खेळाडू आपणहून एक विद्यापीठ सोडतो आणि दुसऱ्यात जातो. या ‘ट्रान्सफर’ला मराठीत काय म्हणावं? बदली, स्थलांतर की पक्षांतर?

विचारण्यामागे चाहत्याची धास्तीही आहे, लपवत नाही. २०२४ मध्ये केंटकीचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी १५ मोसमांनंतर अर्कान्सासला गेले, संघ पांगला आणि नवे प्रशिक्षक मार्क पोप यांनी जवळजवळ अख्खा संघ बाहेरून आणून उभा केला. विल्यम्स ड्रेक्सेलचा, कोबी ब्रे डेटनचा, लमाँट बटलर सॅन डिएगो स्टेटचा, अँड्र्यू कार वेक फॉरेस्टचा. पोरं गुणी, वादच नाही. पण दर वर्षी नव्यानं मांडलेल्या अशा संसारात शिस्त येणार कुठून? उद्या प्रशिक्षकानं एखाद्याला बाकावर बसवलं आणि तो परवा तिसरीकडे निघाला, तर?

परळकर

‘बदली’ नकोच. एक तर पेपरात ‘बदली खेळाडू’ म्हणजे सामना चालू असताना दुसऱ्याच्या जागी उतरणारा. ‘केंटकीचे सात बदली खेळाडू’ असं छापलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, आज बाकावरचे सगळे खेळले.

दुसरं, आमच्या गिरणगावात ‘बदली’ म्हणजे बदली कामगार. कायम कामगार खाडा करेल या आशेवर सकाळी गेटवर उभा राहणारा. काम मिळालं तर मिळालं, नाहीतर डबा तसाच घरी. त्या माणसाच्या हातात काहीच नसायचं. तुमच्या पोरांच्या हातात तर सगळंच आहे.

दादरची

पक्षांतर म्हणू नका. त्या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो. १९६७ साली हरियाणात गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तेव्हापासून आपण कुणालाही ‘आयाराम-गयाराम’ म्हणायला मोकळे. एकोणीस वर्षांच्या मुलाला कॉलेज मानवलं नाही तर त्याला त्या रांगेत का बसवायचं? आणि कॅलिपारी गेले ते काय मग? प्रशिक्षक गेला की ‘नवी जबाबदारी’, खेळाडू गेला की ‘पक्षांतर’, हे काही पटत नाही.

एक प्रश्न: पूर्वी एक वर्ष न खेळता काढावं लागायचं ना?

लेक्सिंग्टनकर

हो. विद्यापीठ बदललं की एक मोसम सरावाला यायचं, सामन्याला नाही. खुद्द पोप यातून गेलेले. वॉशिंग्टन सोडून केंटकीला आले, वर्षभर थांबले आणि १९९६ च्या विजेत्या संघाचे कर्णधार झाले. मला वाटायचं, त्या थांबण्यात माणूस मुरतो. लोणच्यासारखा.

२०१८ च्या ऑक्टोबरात ‘पोर्टल’ सुरू झालं. नावावर जाऊ नका, ती जाऊ इच्छिणाऱ्यांची निव्वळ यादी आहे. खेळाडूनं ‘मला जायचंय’ म्हटलं की विद्यापीठानं कामाच्या दोन दिवसांत त्याचं नाव तिथे चढवायचं. २०२१ पासून एकदा विनाथांबा जाता येऊ लागलं. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर नि चेहऱ्यावर पैसे कमावायची मुभाही मिळाली. २०२४ च्या एप्रिलपासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा जा.

नाव यादीत येण्याआधीच दुसऱ्या प्रशिक्षकानं संपर्क साधला तर तो नियमभंग. त्याला इंग्रजीत ‘टँपरिंग’ म्हणतात. एका भाषांतरात मी ‘खेळाडूंशी छेडछाड’ वाचलं आणि हातातला चहा सांडला.

परळकर

त्याला ‘फूस लावणे’. शब्द तयार आहे, शोधायची गरजच नाही. आणि संघासाठी पोरं मिळवण्याला, म्हणजे ‘रिक्रूटिंग’ला, ‘भरती’ही नको. भरतीत पोरं पहाटे मैदानावर धावतात आणि साहेब शिट्टी घेऊन उभा असतो. इथे साहेबच पोराच्या दारात. त्याला मनधरणी म्हणा.

निवृत्त पीटी

उशिरा आलो. शब्द तुमच्या डोळ्यांसमोर आहे: दाखला काढणे. “त्यानं ड्रेक्सेलमधून दाखला काढला आणि केंटकीत नाव घातलं.” कोण करतो, कशासाठी करतो, सगळं स्वच्छ. कुणी हाकललं नाही, कुणी गद्दार नाही.

आता शिस्तीबद्दल. शब्द फारसीतून आलाय. हिंदीत ‘शिस्त बाँधना’ म्हणजे नेम धरणे. आपण त्याला छडी लावली, मूळ अर्थ नजर एका जागी ठेवण्याचा. तुम्ही ज्याच्यासाठी हळहळताय तो धाक आहे, शिस्त नव्हे. जायला जागा नाही म्हणून ऐकणारा मुलगा शिस्तीचा नसतो, अडकलेला असतो.

कॉलेज बास्केटबॉलची २०२५ ची अंतिम लढत आठवा. फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३. फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन आयोनाहून दाखला काढून आलेला. पूर्वार्धात त्याचा एकही गुण नाही. अशा दिवशी मोठ्या खेळाडूचा चेहरा पडतो, हात गळतात. शेवटच्या सेकंदांत ह्यूस्टनचा शार्प तीन गुणांसाठी उडाला आणि क्लेटन बाण सुटावा तसा त्याच्या अंगावर धावून गेला. शार्पला चेंडू हवेतच सोडावा लागला. चेंडू खाली पडला आणि नियमामुळे शार्पला त्याला पुन्हा हात लावता येईना. सामना तिथेच संपला. आता क्लेटनला बेशिस्त म्हणा!

लेक्सिंग्टनकर

सर, ‘दाखला’ पास. धाक आणि शिस्त वेगळी, हेही मान्य. पण धास्ती पुरती गेली नाही. आमचा खेळाडू कर क्रिसा अ‍ॅरिझोना, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी आणि मग सिनसिनाटी असा गेला. सगळं नियमात. तरी नाव पाठ होईस्तोवर निरोप द्यायचा म्हणजे चाहत्यानं जीव लावायचा कुणाला? जर्सीला?

काल बाबांना फोनवर नवा शब्द सांगितला. “दाखला काढून आला होता, बाबा.” ते खूश झाले. म्हणाले, “असं सांग की मग! वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहिलं होतं?”

निवृत्त पीटी

बाबांना नमस्कार सांगा. मी तीस वर्षं मुलांचे दाखले पाहिले. त्या रकान्यात ‘चांगली’शिवाय दुसरं काही पाहिलेलं नाही. ज्यानं माझ्या सायकलची हवा सोडली होती, त्याचीही ‘चांगली’च.